व्हिजिटर ट्रॅकिंगचं टेबल हळू झालंय? आधी लिहिणं कमी करा

साईट हळू चालायला लागली, आणि शोधत शोधत गाडी व्हिजिटर ट्रॅकिंगच्या टेबलवर येऊन थांबली, की कुणाचाही पहिला सल्ला ठरलेला असतो: इंडेक्स टाक (म्हणजे पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी, पटकन शोधायला मदत करणारी यादी). आणि बरेचदा तिथेच घोळ होतो, कारण या टेबलचा स्वभावच बाकीच्या टेबलांपेक्षा उलटा आहे. लेख, युजर, प्रॉडक्ट अशा टेबलांमध्ये आपण एकदा लिहितो आणि हजारदा वाचतो. ट्रॅकिंगमध्ये प्रत्येक पेज उघडलं की एक रेकॉर्ड लिहितो आणि वाचतो कधी, तर कुणीतरी डॅशबोर्ड उघडेल तेव्हा, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा फार तर. अशा टेबलवर प्रत्येक नवा इंडेक्स म्हणजे प्रत्येक इन्सर्टला अजून एक ठिकाणी लिहिणं. डॅशबोर्ड थोडा पळायला लागतो आणि साईट अजून मंद होते, मग लोक म्हणतात सर्व्हर मोठा घ्या.

आधी एक साधा हिशोब करू, कारण त्याने निम्मी भीती जाते. दिवसाला १ लाख हिट्स म्हटलं तर मोठं वाटतं, पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे सरासरी सेकंदाला एक हिट, थोडं वर. गर्दीच्या वेळेला वीसपट धरलं तरी सेकंदाला पंचवीसच्या आत. हे कुठलाही बरा डेटाबेस हसत हसत करतो. म्हणजे बहुतेक साईट्सवर अडचण आकड्यांची नसते, लिहायच्या पद्धतीची असते. पण त्याच १ लाखाचे वर्षाला ३ कोटी ६५ लाख रेकॉर्ड होतात, आणि वाचायची वेळ आली की हा आकडा मात्र बोचतो. तेव्हा लिहिण्याची भानगड वेगळी आणि वाचण्याची वेगळी, दोन्ही एकाच टेबलवर एकाच उपायाने सुटत नाहीत, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे लेखाच्या टेबलमध्येच एक व्ह्यूज नावाचा कॉलम, आणि पेज उघडलं की त्यात एक मिळवा. दिसायला किती साधं. पण एखादा लेख अचानक व्हायरल झाला की काय होतं बघा, सगळे लोक त्या एकाच रेकॉर्डला अपडेट करायला धावतात, आणि अपडेट करताना त्या रेकॉर्डवर लॉक लागतं, म्हणजे बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि ते लॉक ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पाडायच्या बदलांचा गट) कमिट होईपर्यंत, म्हणजे पक्कं होईपर्यंत, सुटत नाही. एका नळावर पन्नास घागरी लागाव्यात तसं. त्यात कुणी फ्रेमवर्कच्या कृपेने रिक्वेस्ट सुरू झाली की ट्रान्झॅक्शन उघडत असेल आणि पान पूर्ण तयार झाल्यावर कमिट करत असेल, तर ते लॉक काही मिलीसेकंदांऐवजी अख्ख्या रिक्वेस्टभर धरून ठेवलं जातं. मग कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडणाऱ्या मोजक्या कनेक्शन्सचा साठा) भरतो, आणि ज्या पानांचा या लेखाशी काही संबंध नाही तीपण उघडेनाशी होतात. एरर बघितली तर 'लॉक वेट टाइमआउट' आणि माणूस शोधत बसतो की कुठली सिलेक्ट क्वेरी हळू आहे. सिलेक्टचा काही दोष नाही हो.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना यात अजून एक बोनस आहे. तिथे अपडेट म्हणजे जुन्या जागी खोडून नवं लिहिणं नसतं, रेकॉर्डची नवी आवृत्ती लिहिली जाते आणि जुनी मेलेली तशीच पडून राहते, व्हॅक्यूम येऊन साफ करेपर्यंत. एका व्ह्यूसाठी लेखाचं शीर्षक, लेखक, तारीख, स्लग, सगळं परत लिहिलं गेलं (मोठा मजकूर बाहेर वेगळा साठवलेला असतो म्हणून तेवढा वाचतो). पोस्टग्रेस ८.३ पासून हॉट अपडेट नावाची सोय आहे, म्हणजे इंडेक्समधला कुठलाच कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानात (हे वेब पेज नव्हे, डेटाबेस डिस्कवर ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत डेटा ठेवतो तो तुकडा) जागा असेल तर इंडेक्सना हात लावावा लागत नाही. पण आपण काय करतो, होमपेजवर 'सर्वाधिक वाचलेले' दाखवायचं म्हणून नेमका व्ह्यूज कॉलमवरच इंडेक्स टाकतो. झालं, सोय गेली. आता प्रत्येक व्ह्यूला त्या टेबलच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद.

मायएसक्यूएलवर सुद्धा या कॉलमने खूप जणांना छळलंय. जुन्या व्हर्जन्समध्ये क्वेरी कॅशे असायचा आणि टेबलमध्ये काहीही बदललं की त्या टेबलच्या सगळ्या कॅश्ड क्वेरी बाद व्हायच्या, म्हणजे व्ह्यू काउंटर असलेल्या लेखांच्या टेबलचा कॅशे जवळजवळ कायम रिकामाच. ८.० मध्ये तो क्वेरी कॅशेच काढून टाकला. अजून एक गंमत, टेबलमध्ये 'शेवटचा बदल' असा आपोआप बदलणारा टाइमस्टॅम्प असेल तर कुणी नुसतं वाचलं तरी लेख आत्ताच बदलला असं दिसतं, आणि मग साइटमॅप, फीड, बाहेरचा कॅशे सगळे गोंधळतात.

तर पहिलं काम, काउंटर लेखाच्या टेबलमधून बाहेर काढा. वेगळं टेबल, त्यात लेखाचा आयडी आणि आकडा, बस. एवढ्यानेच बराच फरक पडतो, कारण आता भांडण झालं तरी त्या छोट्या टेबलात होतं. तरीही एकाच रेकॉर्डवर गर्दी होत असेल तर त्याच लेखाचे दहा खण करा, हिट आली की रँडम नंबर काढून दहातल्या एका खणात एक मिळवा, आणि दाखवताना दहांची बेरीज. जुनी युक्ती आहे, पण फारसं काही बदलावं लागत नाही आणि लॉकची गर्दी दहा ठिकाणी वाटली जाते.

पण खरं सांगायचं तर मला यापेक्षा दुसरा मार्ग जास्त आवडतो, तो म्हणजे हिट आली की डेटाबेसला हातच लावायचा नाही. रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा वेगवान डेटा स्टोअर) इन्क्रीमेंट करा, नाहीतर एखाद्या क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाका, नाहीतर सरळ फाईलमध्ये एक ओळ जोडा, आणि दर मिनिटाला एक जॉब येऊन जमलेलं सगळं एकदम डेटाबेसमध्ये नेईल. एका मिनिटात त्या व्हायरल लेखाला ६०० हिट्स आल्या असतील तर ६०० अपडेट्सऐवजी एकच अपडेट, ६०० मिळवा. फाईलचं ऐकून हसू नका, वेब सर्व्हर हेच तर करत असतो कायम, अॅक्सेस लॉगमध्ये वेळ, पत्ता, पान, ब्राउझर सगळं आधीच पडलेलं असतं. ज्यांना नुसतं कुठलं पान किती बघितलं एवढंच हवंय त्यांनी तो लॉग रात्री वाचून आकडे काढले तरी चालतं. त्यासाठी वेगळं टेबल बनवून प्रत्येक हिटला इन्सर्ट मारणं म्हणजे तीच गोष्ट दोनदा लिहिणं.

एकेक ओळ आणि घाऊक, यात एवढा फरक का पडतो? कारण प्रत्येक कमिटला डेटाबेस आपला बदलांचा लॉग डिस्कवर नेऊन पक्का करतो आणि ते पक्कं करणंच महाग असतं, ओळ लिहिणं नाही. ५०० ओळी एका इन्सर्टमध्ये टाकल्या तर ते महाग काम एकदाच होतं. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) हे सैल करायची सेटिंग आहे, तिची किंमत डीफॉल्ट १ असते म्हणजे दर कमिटला डिस्कवर, आणि २ केली की लॉग ऑपरेटिंग सिस्टिमकडे देऊन मोकळा, डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा. वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातलं जाऊ शकतं. एका सेकंदाच्या हिट्स गेल्या तर कुणाचं काय बिघडतंय, असं वाटून लोक बिनधास्त २ करतात, पण ही सेटिंग अख्ख्या सर्व्हरला लागते, तुमच्या ऑर्डर्स आणि पेमेंट्स त्याच सर्व्हरवर असतील तर त्यांनाही लागली! पोस्टग्रेस इथे जास्त समंजस आहे, तिथे सिंक्रोनस कमिट फक्त त्या एका ट्रान्झॅक्शनपुरतं बंद करता येतं. ट्रॅकिंगच्या इन्सर्टला बंद, बाकी सगळं जसंच्या तसं.

आता कच्च्या हिट्सचं टेबल. ठेवायचंच असेल तर बारीक ठेवा. बहुतेक ठिकाणी या टेबलात ब्राउझरची ती लांबलचक यूजर एजंट स्ट्रिंग जशीच्या तशी भरलेली असते, शंभर-दीडशे अक्षरं सहज. १५० बाइट धरले तर वरच्या हिशोबाने वर्षाला साडेपाच जीबी फक्त त्या एका कॉलमचे, आणि त्यात तीच ती काही हजार वाक्यं पुन्हा पुन्हा. वेगळं टेबल करा, प्रत्येक वेगळ्या स्ट्रिंगला एक नंबर, हिटमध्ये फक्त नंबर. यूआरएल आणि रेफररचं (माणूस ज्या पानावरून आला त्याचा पत्ता) पण तसंच. शोधायला स्ट्रिंगचा हॅश (तिच्यावरून काढलेला ठरावीक लांबीचा छोटा कोड) ठेवा म्हणजे लांब कॉलमवर इंडेक्स लागत नाही. रेफररमधून क्वेरी स्ट्रिंग मात्र आधी कापा, नाहीतर प्रत्येक रेफरर वेगळाच निघतो आणि हे दुसरं टेबल पहिल्याएवढंच सुजतं.

आयपी पत्ता टेक्स्ट म्हणून ठेवायचा नाही. आयपीव्ही४ चार बाइटमध्ये मावतो आणि आयपीव्ही६ सोळा बाइटमध्ये, दोघांसाठी मिळून सोळा बाइटचा बायनरी कॉलम पुरतो, मायएसक्यूएल ५.६ पासून त्याची फंक्शन्स आहेत. पोस्टग्रेसमध्ये तर वेगळा टाइपच आहे. मुळात पूर्ण आयपी लागतो का तेही बघा, देश-शहर तेवढं काढून आयपी फेकून दिला तर जागा पण वाचते आणि लोकांची खासगी माहिती सांभाळायची जबाबदारी पण कमी होते.

मग प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख. इनोडीबीत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच डिस्कवर मांडलेलं असतं आणि प्रत्येक दुसऱ्या इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत ती की परत साठवली जाते. आता कुणी रँडम यूयूआयडी (कुठेच पुन्हा येऊ नये असा लांबलचक ओळख क्रमांक), तोही ३६ अक्षरांच्या टेक्स्टमध्ये, प्रायमरी की म्हणून ठेवला तर दोन्हीकडून मार. नवीन ओळ टेबलच्या शेवटी जायच्या ऐवजी मधेच कुठेतरी जाणार, १६ केबीची पानं फुटत राहणार, आणि टेबल मेमरीपेक्षा मोठं झालं की प्रत्येक इन्सर्टला डिस्कवरून कुठलंतरी भलतंच पान आणावं लागणार. सुरुवातीला हे जाणवतच नाही, सगळं मेमरीत असतं ना, आणि मग एके दिवशी काहीही न बदलता इन्सर्ट हळू होतात. साधा वाढता बिगइंट घ्या. यूयूआयडी पाहिजेच असेल तर सातवं व्हर्जन घ्या, २०२४ च्या स्टँडर्डमध्ये आलंय, त्यात सुरुवातीला वेळ असते त्यामुळे नव्या ओळी शेवटाकडेच जातात. ठेवताना सोळा बाइट बायनरीत. आणि बिगइंट म्हणतोय ते उगाच नाही, साधा इंट २१४ कोटींवर संपतो, हिट्सच्या टेबलला ते अशक्य नाही.

कच्च्या टेबलवर इंडेक्स किती? माझं मत, वेळेवर एक, आणि त्यानंतरचा प्रत्येक भांडून मिळवावा. पोस्टग्रेसमध्ये तर वेळेसाठी ब्रिन इंडेक्स आहे ९.५ पासून, तो प्रत्येक ओळीची नोंद ठेवत नाही, १२८-१२८ पानांच्या गठ्ठ्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत काय एवढंच ठेवतो. हिट्स वेळेच्या क्रमानेच येत असल्यामुळे इथे तो अगदी चपखल बसतो आणि नेहमीच्या इंडेक्सच्या तुलनेत आकाराने नगण्य असतो. पण इंडेक्स असूनही वापरला जात नाही अशी तक्रार आली तर पहिल्यांदा क्वेरी बघा, त्यात वेळेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावलेलं असेल. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की साधा इंडेक्स आंधळा होतो. 'तारीख अमुक आहे' ऐवजी 'आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीच्या आत' असं लिहा. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं की लगेच कळतं. आणि हो, स्लो क्वेरी लॉग चालू करून काहीच दिसत नसेल तर मायएसक्यूएलमध्ये त्याची डीफॉल्ट मर्यादा १० सेकंद आहे हे लक्षात घ्या, ती आधी खाली आणा. शिवाय एक मिलीसेकंद घेणारी पण लाखो वेळा चालणारी अपडेट त्या लॉगमध्ये येतच नाही, आणि ट्रॅकिंगचा त्रास नेमका तसलाच असतो.

जुना डेटा काढणं हा वेगळाच तमाशा. 'सहा महिन्यांपूर्वीचं डिलीट करा' अशी एक ओळ रात्री क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) असते, ती कोटीभर ओळी एका दमात काढायला जाते, अंडू लॉग (बदल उलटवता यावेत म्हणून ठेवलेली नोंद) फुगतो, रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) मागे पडते, आणि एवढं करून डिस्कवरची फाईल लहान होतच नाही. महिन्याप्रमाणे पार्टिशन केलं असेल, म्हणजे टेबलाचे आतून महिन्यागणिक वेगळे तुकडे केले असतील, तर जुना महिना ड्रॉप करणं जवळजवळ तत्काळ होतं. मायएसक्यूएलमध्ये अट अशी की ज्या कॉलमवर पार्टिशन करताय तो प्रायमरी कीमध्ये आणि प्रत्येक युनिक कीमध्ये पाहिजे, आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा दुवा) चालत नाही, म्हणून हे टेबल बनवतानाच ठरवलेलं बरं. पोस्टग्रेसला १० व्या व्हर्जनपासून हे नीट जमतं. पार्टिशन नसेल तर पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी काढा, मधे श्वास घेऊ द्या.

वाचायच्या बाजूला मुख्य औषध एकच आहे, रोलअप, म्हणजे कच्च्या हिट्सची आधीच करून ठेवलेली बेरीज. पान, तास, आकडा अशी ओळ. हजार पानं असतील तर तासाला जास्तीत जास्त हजार ओळी, मग १ लाख हिट्स असोत की १ कोटी. डॅशबोर्ड फक्त हेच टेबल वाचणार, कच्च्याकडे बघणारच नाही. यात एक बारकावा आहे तो सांगतो, रोलअपचा जॉब 'आधीच्या आकड्यात नवीन मिळवा' असा लिहू नका. जॉब मधेच पडला, परत चालवला, की आकडे दुप्पट, आणि ते कुणाच्या लक्षात पण येत नाही, उलट लोक खूश होतात. त्याऐवजी गेल्या दोन-तीन तासांचा हिशोब प्रत्येक वेळी कच्च्यावरून नव्याने काढून त्या तासाची ओळ बदलून टाका. कितीही वेळा चालवा, उत्तर तेच. उशिरा पोचलेल्या हिट्सपण आपोआप धरल्या जातात. वेळ यूटीसीत साठवायची आणि रोलअप तासाचा ठेवायचा, म्हणजे पुढे कुणी आपल्या टाइमझोनप्रमाणे दिवस मागितला तर तास जोडून देता येतो. ज्यांचा टाइमझोन अर्ध्या तासाने सरकलेला आहे त्यांच्यासाठी तासाऐवजी अर्ध्या तासाचा रोलअप घ्या, नाहीतर दिवसाची सीमा तासाच्या मधोमध पडते.

रोलअपमध्ये एक गोष्ट मात्र बसत नाही, युनिक व्हिजिटर्स. सोमवारचे ५०० आणि मंगळवारचे ५०० म्हणजे दोन दिवसांचे १००० नव्हेत, कारण तीच माणसं परत आली असतील. त्यामुळे लोक परत कच्च्या टेबलवर जाऊन काउंट डिस्टिंक्ट मारतात, महिन्याभराचं, आणि सर्व्हर धापा टाकतो. इथे हायपरलॉगलॉग कामाला येतं. फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत, कोण आलं ते लक्षात न ठेवता किती वेगवेगळे आले याचा अंदाज देते. रेडिसमध्ये २.८.९ पासून आहे आणि तिथल्या कमांड्सची सुरुवातीची पीएफ ही अक्षरं त्यांच्याच नावाची. एका काउंटरला जास्तीत जास्त १२ केबी आणि चूक सरासरी ०.८१ टक्के. म्हणजे खरे १ लाख असतील तर आठशे-हजाराने इकडेतिकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोजचे काउंटर एकत्र करून महिन्याचा युनिक आकडा मिळतो, बेरीज न करता. आकड्यावरून पैसे द्यायचे-घ्यायचे असतील तर हे वापरू नका, पण आलेखात ९९,२०० दिसले काय आणि १,००,००० दिसले काय.

'आत्ता किती जण ऑनलाइन' हे पण प्रत्येक हिटला युजरच्या टेबलमध्ये शेवटची वेळ लिहून करतात. निदान आधीची वेळ मिनिटापेक्षा जुनी असेल तरच लिहा अशी अट घाला, बऱ्याच अपडेट्स गळून पडतील. रेडिसचा सॉर्टेड सेट (आकड्याच्या, इथे वेळेच्या, क्रमाने लावलेली यादी) यासाठी अजून सोपा. बॉट्स (माणूस नसलेले, आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम) पण इन्सर्टच्या आधीच गाळा, आत घेऊन मग रिपोर्टमध्ये वगळायचे म्हणजे जागा त्यांना दिली आणि वेळपण दिला. ट्रॅकिंगची रिक्वेस्ट पानापासून वेगळी करून ब्राउझरच्या बीकनने (पान न अडवता जावास्क्रिप्टने मागून छोटी माहिती पाठवायची सोय) पाठवली तर जावास्क्रिप्ट न चालवणारे बॉट्स आपसूक बाहेर राहतात आणि ट्रॅकिंग अडकलं तरी पान अडकत नाही.

एवढं सगळं करूनही पुरत नसेल, म्हणजे कोट्यवधी ओळींवर कुठल्याही कॉलमने कसंही तोडून बघायचंय, तर मग कॉलम स्टोअरकडे, म्हणजे ओळींऐवजी कॉलमप्रमाणे डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसकडे जा. क्लिकहाऊस तर यांडेक्स या रशियन कंपनीच्या मेट्रिका या वेब अॅनालिटिक्ससाठीच बनला होता, २०१६ मध्ये ओपन सोर्स झाला. तो फक्त लागणारे कॉलम वाचतो आणि एकसारखा डेटा शेजारीशेजारी असल्याने दाबून ठेवतो, त्यामुळे अशा क्वेरींना मायएसक्यूएल त्याच्या जवळपासही येत नाही. फक्त तिथेही एकेक ओळ टाकायला जाऊ नका, प्रत्येक इन्सर्टचा वेगळा पार्ट बनतो, ते मागून एकत्र करणं त्याला झेपेनासं झालं की 'टू मेनी पार्ट्स' म्हणून इन्सर्ट नाकारायला लागतो. त्याला पण हजारांच्या गठ्ठ्यातच खायला लागतं, तेव्हा ती मधली क्यू तिथेही लागणारच आहे.